बळदातली वाट

वाशीमच्या माझ्या घरात मी आईला आंघोळ घालायचे तेव्हा ती माझ्याकडे पाठ करून बसायची. प्लास्टिकच्या उंच खुर्चीवर, समोरच्या टाइल्सकडे बघत. मी तांब्याने पाणी ओतायचे, पाठीला साबण लावायचे, आणि एरवी दिवसभर जिचं तोंड बंद नसायचं ती माझी आई तेवढा वेळ एक शब्द बोलायची नाही. तिच्या खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालं होतं. वॉकर धरून ती घरात चालायला लागली होती, पण उकिडवं बसायचं नाही, पायऱ्या उतरायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मग तिने पाणी पिणं कमी केलं. पुन्हा पुन्हा माझा हात धरून संडासला जावं लागू नये म्हणून. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा म्हणाली, तहानच लागत नाही. दुसऱ्या दिवशी आंघोळ झाल्यावर मी रागावले, तेव्हा कुठे बोलली.

"तुह्या बाबाले चार जनाइनं आंघोळ घातली, कवा घातली ते तुले मालूम हाय. आंगनात, पाटावर. तू तांब्या उचलला का मले तेच दिसते."

मी तिच्या ओल्या केसांना टॉवेल गुंडाळत राहिले.

"मले माह्या घरी ने," ती म्हणाली. "माह्या हातानं मले न्हाता आलं पाह्यजे, असं काई तरी कर. तू एवढी शिकेल हायस ना?"

आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. आता वाशीमच्या एका शाळेत गणित शिकवते. माझं शिकणं म्हणजे आईच्या दृष्टीने सगळ्या कुलपांची किल्ली. तिला वाटतं मी विजेचं बिल पाहून बिघाड सांगेन, गोळीचं पाकीट पाहून आजार सांगेन. शेतात निंदणाला जाऊन तिने मला शिकवलं, त्यामुळे तिचा हा विश्वास मोडायची हिंमत मला कधीच झाली नाही. मी म्हटलं, "करतो."

आमचं घर रिठदला आहे. दगड-मातीचं, टिनाच्या छपराचं, दीड हात जाड भिंतींचं. पुढे ओसरी, मग आईची मधली खोली, बाजूला स्वयंपाकघर. न्हाणी मागे अंगणात, मधल्या खोलीच्या मागच्या भिंतीला चिकटून. पण तिथे जायचं तर स्वयंपाकघरातून मागच्या दाराने बाहेर पडायचं, उंच पायऱ्या उतरायच्या आणि वळसा घालून न्हाणीत शिरायचं. त्याच पायऱ्यांवरून आई पडली होती. म्हणजे तिची खाट आणि न्हाणी यांच्यात खरं तर एका भिंतीचं अंतर होतं.

मला वाटलं, उत्तर सोपं आहे. मधल्या खोलीच्या मागच्या भिंतीत दार पाडायचं. न्हाणीतला जुना दगड काढून फरशी, उंच कमोड, बसून न्हायला कट्टा करायचा. आई खाटेवरून उठेल आणि सरळ आत जाईल.

मी हे आईला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दार कुठं पडीन?"

"तुह्या खाटेच्या डोक्याकडं. मधोमध."

"मंग समोर देवघर नाई का?"

होतं. समोरच्या भिंतीतल्या कोनाड्यात आमचे देव होते.

"देवाच्या तोंडापुढं संडास? नाई जमत."

"पडदा लावतो ना."

"पडद्यामांगचं देवाले दिसत नाई का? मंग तो देव कायचा?"

मी म्हटलं, दार जरा बाजूला घेऊ. ती "पाह्य बाई" एवढंच म्हणाली. मला कळलं की तिचं समाधान झालेलं नाही. पण घरी जायची ओढ एवढी होती की तिने तो विषय तात्पुरता गिळला. फक्त एक अट घातली. माझी शाळा सुरू व्हायच्या आधी ती तिच्या घरी गेली पाहिजे. शाळा सुरू झाल्यावर दिवसभर तिच्याजवळ परकी बाई ठेवावी लागली असती, आणि परक्या बाईच्या हातची आंघोळ तिने घेतली नसती.

उन्हाळ्याची सुट्टी होती. सुट्टीपुरतं दिवसा आईजवळ बसायचं वाशीमच्या शेजारणीने कबूल केलं होतं. सकाळी आईचं सगळं उरकून मी रिठदची बस धरायचे आणि संध्याकाळी परत यायचे. केनवडचे एक मिस्त्री मिळाले. कानामागे पेन्सिल, डोक्याला रुमाल, आणि बोलायला भारी हौस. त्यांनी भिंतीवर पंजा आपटून पाहिला, कान लावला, मग म्हणाले, "ताई, हे भित भारी जाडी हाय. दीड हात नाई, चार हात असंन."

"तिच्यात बळद होतं," मी म्हटलं.

हल्ली पुष्कळांना बळद माहीत नसतं. दोन भिंती समोरासमोर उभ्या करून मधे पोकळी सोडायची आणि त्या पोकळीत ज्वारी साठवायची, ते बळद. वरून माळ्याकडून धान्य ओतायचं, खाली बोटभर लांबीचं भोक असतं, त्याचा चिंधीचा बोळा काढून लागेल तशी ज्वारी घ्यायची. तळाशी उरलेली ज्वारी भोकातून येत नाही. ती काढायला बाबा माझ्या दोन्ही मनगटांना धरून मला वरून आत सोडायचे. मी सूप भरून वर द्यायचे. आत कडुनिंबाच्या वाळल्या पाल्याचा आणि ज्वारीचा असा वास असायचा की अजून कुठे पोत्यांची थप्पी दिसली की मला तो आठवतो.

मग आमच्याकडे सगळीकडे सोयाबीन आलं. सोयाबीन घरात ठेवायचं पीक नाही, ते खळ्यावरूनच बाजारात जातं. बळद रिकामं झालं. दहावीच्या वर्षी उन्हाळ्यात मी त्याच बळदात उतरून अभ्यास करायचे. बाबांनी आत बल्ब लावून दिला होता. बाहेर टिनाखाली जीव जात असायचा आणि आत माठातल्यासारखा गारवा. दोन्ही बाजूंना भिंत, वर उजेडाचा चौकोन, मांडीवर बीजगणित. माझ्या पदवीचा पाया कुठे घातला गेला असं कुणी विचारलं तर मी खरं म्हणजे त्या बळदाचं नाव सांगायला हवं.

पुढे मी कॉलेजला वाशीमला राहायला गेले. त्या वर्षी बळदात साप निघाला आणि बाबांनी ते बंद केलं. सुट्टीत आले तर भिंत सपाट, वर पांढऱ्या मातीचा हात फिरवलेला. आमच्याकडे बळद बंद करायचं म्हणजे दगड-मातीने भरून टाकतात. पोकळी राहिली की उंदीर येतात आणि उंदरामागे साप. त्यामुळे मी कधी विचारलंच नाही. आईही तेव्हा शेतात असायची, तीही धरून चालली की भरलं.

"म्हंजे भरीव हाय," मिस्त्री म्हणाले. "पहार लागंन. अन् वर छपराचे सरे टेकले हायेत, त्याइले आधार देल्याबगर एक दगड हालवाचा नाई."

छपराला बल्ल्यांचे टेकू दिले. देवांवर जुनं धोतर टाकलं. कोपऱ्यापासून मोजून मी खडूने दाराची चौकट भिंतीवर काढली, देवघराच्या अगदी समोर येऊ नये म्हणून जेवढी सरकवता येईल तेवढी सरकवून. तरी खाटेमुळे ती अर्धी समोरच येत होती. मिस्त्रींनी आधी वरच्या बाजूला लिंटेल, म्हणजे दारावरची आडवी तुळई, बसेल एवढी खाच पाडायला घेतली. लिंटेल बसलं की मगच खालचे दगड काढायचे, नाहीतर वरची भिंत खाली येते.

शेजारची काकू दारात येऊन बसली होती. तिचं आणि आईचं जन्माचं भांडण आणि जन्माची मैत्री. हातात निवडायची डाळ, पण लक्ष सगळं भिंतीकडे.

"काहून व पोट्टे, चांगली भित फोडून राह्यली?" ती म्हणाली. "तुह्या मायले सून असती तं भित वाचली असती."

"सुनेनं आंघोळ घातलेली चालली असती का तिले, काकू?"

काकूने डाळीतला खडा फेकला. "नाई. तिले देवानं घातली तरी चालनार नाई."

दगड निघत होते. प्रत्येक दगडामागे सुक्या मातीचा लोट यायचा, खोली पांढरी व्हायची. खोलीकडच्या थराचे दगड काढून मिस्त्रींनी भरावात पहार घातली आणि जोरात दाबली. पहार अशी गेली, जशी लोण्यात जावी. मिस्त्री तोल जाऊन भिंतीवर आपटले. पहार हातातून सुटली, आतल्या आत कुठेतरी खणखणत खाली गेली आणि दिसेनाशी झाली.

"बाहेर निंगा! सारे बाहेर निंगा!" मिस्त्री ओरडले. त्यांना वाटलं भिंत फुगून बसते आहे. काकू डाळीसकट अंगणात. मी मात्र हलले नाही. त्या भोकातून गार वारा माझ्या तोंडावर आला होता आणि त्या वाऱ्याला ज्वारीचा वास होता.

"मिस्त्रीभाऊ, काई होत नाई," मी म्हटलं. "बळद हाय. बाबांनी भरलंच नाई."

बॅटरी लावून आत पाहिलं. दोन्ही भिंती ताठ उभ्या, एवढी वर्षं कुणी हात न लावलेल्या. तळाशी मूठभर काळी पडलेली ज्वारी, त्यावर आडवी पडलेली पहार. आणि वरून वायरला लोंबणारा माझा बल्ब, मातीने माखलेला. साप नव्हता. बाबांनी फक्त वरचं तोंड आणि खालचं भोक लिंपलं होतं.

संध्याकाळी हे आईला सांगितलं तेव्हा ती किती तरी वेळ हसत होती. "भरतो म्हने मले! काय भरलं त्याइनं? माह्यं डोस्कं!" मग जरा थांबून म्हणाली, "तुही अभ्यासाची जागा होती ना. भरायले जीव झाला नसंन." पुन्हा थांबून, "नाई तं दगड वाहाचा कंटाळा. दोनी असू शकते."

आता एका दाराऐवजी दोन दारं पाडायची होती. एक आतल्या भिंतीत, एक बाहेरच्या, मधे बळद. आतलं दार नीट झालं. लिंटेल बसलं, खालचे दगड निघाले, कडा कापून सरळ केल्या. दुसऱ्या दिवशी मिस्त्री न्हाणीच्या बाजूने बाहेरची भिंत फोडायला लागले. मी त्यांना कोपऱ्यापासूनचं तेच माप दिलं, त्यांनी तेच माप धरलं, आम्ही दोघांनी टेप दोन टोकांनी ताणला आणि खूण केली. दुपारपर्यंत तेही आरपार झालं. मी आतल्या दारात उभी राहिले, मिस्त्री बाहेरच्या.

"ताई, तुमी कुठं हाये?"

"मी दारात उभी हाय!"

"दारात तं मी उभा हाय!"

"अवो, मी आतल्या दारात!"

"मंग दिसून काहून नाई राह्यल्या?"

मी बळदात पाऊल टाकून डोकं वळवलं. मिस्त्रींचं डोकं बऱ्याच अंतरावरून बाहेर आलं. दोन दारं समोरासमोर नव्हतीच. एकाचा काठ संपला त्याच्या पुढे दुसरं सुरू होत होतं.

काय झालं ते मला लगेच कळलं. मी आत कोपऱ्यापासून मोजलं होतं. बाहेरही कोपऱ्यापासूनच मोजलं. पण बाहेरचा कोपरा आणि आतला कोपरा यांच्यात बाजूच्या भिंतीची जाडी होती, पूर्ण दीड हात. विटेची भिंत असती तर चार बोटांची चूक झाली असती. आमच्या दगडी भिंतीने अख्खं दार खाल्लं.

"तुमी माप देलं," मिस्त्री म्हणाले.

"तुमी टेप धरला," मी म्हटलं.

"मी म्हनलं बाई गनिताची हाय, मी कायले डोस्कं लावू!"

"अन् मी म्हटलं मिस्त्रीभाऊइनं जन्मभर भिती बांधल्या!"

दोघंही एकाच वेळी बोलत होतो. काकूने पदर तोंडाला लावला होता, पण तिचे खांदे हलत होते. "पोरायले गनित शिकवते म्हने ही," ती म्हणाली, "अन् भितीचे दोन दारं आपसात बोलत नाई."

मिस्त्रींनी रुमाल काढून डोकं पुसलं आणि खरं ते सांगितलं. बाहेरचं दार बुजवून बाजूला नवीन पाडायचं तर आधीचं बांधकाम पक्कं होऊ द्यावं लागेल. एवढ्या जवळ लगेच दुसरं भगदाड पाडलं तर जुन्या भिंतीचा भरवसा नाही. म्हणजे शाळा सुरू व्हायच्या आधी काम होणार नव्हतं.

त्या दिवशी बसमध्ये मी खिडकीशी बसले आणि एकही गाव मला दिसलं नाही. आईला काय सांगायचं हेच डोक्यात होतं. तिने मागितलं होतं तरी काय? स्वतःच्या हाताने अंगावर पाणी घेणं. तिने माझ्या पुस्तकांसाठी, हॉस्टेलसाठी, साडी नेसून मुलाखतीला जाता यावं म्हणून स्वतःचं काय काय बाजूला ठेवलं ते मला माहीत होतं. आणि मला एक भिंत नीट मोजता आली नव्हती.

आई खाटेवर बसून वाटच बघत होती. मी तिच्यापासून काही लपवलं नाही. तिला समजावं म्हणून तिच्या गोळ्यांची दोन पाकिटं चादरीवर समोरासमोर ठेवली. "या दोन भिती. मंधात बळद. आतलं दार इथं. बाहेरचं इथं. चुकलं आई."

ती पाकिटांकडे बघत राहिली. मग तिने तर्जनी आतल्या दाराच्या जागी ठेवली, पाकिटांच्या मधून सरकवली आणि बाहेरच्या दारातून काढली.

"असं जाव लागंन?"

"हो. वळून."

"बळदात उभी राह्यली तं माहे दोनी हात दोनी भितीले लागतात का?"

मी विचार केला. दहावीत मी तिथे बसायचे तेव्हा दोन्ही कोपरं भिंतींना टेकायची. "लागतात," मी म्हटलं. "आरामात लागतात."

"वॉकरले तं दोनच दांडे हायेत, अन् तो बी हालते," ती म्हणाली. "भित कुठं हालते? दोन्ही भितीले हात देऊन मी वाशीमपर्यंत येतो."

तिने बोट पुन्हा पहिल्या पाकिटावर ठेवलं, आतल्या दारासमोर. "अन् हे पाह्य. देवघर इथं. देवानं इथून पाह्यलं तं काय दिसंन?"

"बळदाची भिंत."

"मंग?" ती म्हणाली. "संडास कुठं दिसला? पडदा बी नाई लागत."

मी तिथेच उठून उभी राहिले. जी अडचण आम्ही दोघींनी अर्धवट गिळून टाकली होती ती आमच्या चुकीने सोडवली होती. दार वळणाचं झालं म्हणून देवांचा आब राहिला, आणि बळद अरुंद होतं म्हणून आईला जन्मभराचा आधार मिळाला. मी तिला सरळ दार देऊ पाहत होते. त्या सरळ दारातून ती मोकळ्या, ओल्या फरशीवर कशाला धरून गेली असती?

"पन एक," आई म्हणाली. "दाण्याची जागा हाय ते. तिथून मी चालत जाईन. तिथं घान पडली नाई पाह्यजे, अन् चप्पल नाई. अन् तळाशी हाय ते ज्वारी फेकू नको. पाखराइले टाक."

सकाळी मी मिस्त्रींना सांगितलं, "दोन्ही दारं आहेत तशीच राहू द्या. आईनं पास केलं."

मिस्त्रींनी पेन्सिल कानामागून काढली, परत ठेवली. "खरंच पास केलं का तुमी समजूत घालून राह्यल्या माही?"

मी त्यांना आत नेलं, दोन्ही हात पसरून दोन्ही भिंतींना लावले आणि चालून दाखवलं. मग तेही चालले. मग काकूही, गुडघे धरून, "मले बी एक बळद पाह्यजे आता" म्हणत.

त्यानंतरचं काम उत्सवासारखं झालं. न्हाणीतला जुना दगड पहारीने उचलून अंगणात नेला, काकूने तो कपडे धुवायला मागून घेतला. बळदाच्या भिंतीत पाइपसाठी झिरी मारताना कटरच्या धुळीने आम्ही सगळे भुतासारखे दिसायचो. मातीच्या भिंतीवर सिमेंट धरत नाही म्हणून मिस्त्रींनी आधी जाळी ठोकली, मग गिलावा केला. हात टेकतील त्या उंचीवर त्यांनी गिलावा असा घोटला की हात फिरवताना पाटीसारखा लागावा. कडा धारदार ठेवल्या नाहीत, सगळ्या गोल केल्या. उंबरठा ठेवला नाही. काकूला ते पटलं नाही, बिनउंबऱ्याचं दार तिने पाहिलं नव्हतं. "लक्ष्मी कुठं उभी राहीन?" तिने विचारलं. मिस्त्री म्हणाले, "लक्ष्मीचा बी खुबा मोडला तं ते बी उंबरा काढाले लावंन." तळातली ज्वारी मी सुपात घेऊन अंगणात पसरली. चिमण्यांनी ती दुपारीच संपवली. आणि वरून लोंबणाऱ्या जुन्या वायरच्या जागी नवीन वायर घेऊन मी बल्ब लावला, होता तिथेच.

शाळा सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी आईला घरी आणलं. काकूने भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं, आणि डोळे पुसत म्हणाली, "आली का, भांडाले कोनी नव्हतं."

"तुह्याशी भांडाले तं आली," आई म्हणाली.

ती आधी देवांसमोर उभी राहिली. मग वॉकर वळवून भिंतीतल्या दाराकडे आली आणि तिथे अडली. वॉकर आत जाईना. त्याचे पाय बळदाहून रुंद होते. आम्ही सगळं मोजलं होतं, वॉकर कुणी मोजला नव्हता. मिस्त्री मुद्दाम बघायला आले होते, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे.

आईने वॉकर बाजूला सारला. "त्याले राहू दे बाहेर, दारात ढोर बांधल्यावानी," ती म्हणाली. उजवा हात एका भिंतीला लावला, डावा दुसरीला. मी मागे सरकले, पण हात पुढेच होते माझे, ती पडलीच तर म्हणून.

"हात खाली घे," ती न वळता म्हणाली.

मी हात खाली घेतले.

तिने एक पाऊल टाकलं. मग दुसरं. तळवे भिंतीवर सरकवत, खांदे ताठ ठेवून ती बल्बच्या खालून गेली, वळली आणि दिसेनाशी झाली. दाराची कडी आतून लागल्याचा आवाज आला. एवढ्या दिवसांत तिने पहिल्यांदाच स्वतःच्या मागे दार लावलं होतं.

आम्ही बाहेर उभे. गरम पाण्याचा नळ सुटला. बादली भरायला लागली. मग पहिला तांब्या पडल्याचा आवाज आला, आणि काकूने माझा दंड घट्ट धरला. दुसरा, तिसरा. मिस्त्रींनी रुमाल डोक्यावरून काढून हातात घेतला होता, देवळात काढतात तसा.

काकूला राहवेना. "झालं का व?" ती भिंतीला तोंड लावून ओरडली.

"थांब ना व! आंगाले साबन तं लावू दे!" आतून आवाज आला, आणि त्या आवाजात हसू होतं. मग ती आत एकटीच काहीतरी गुणगुणायला लागली, बिनशब्दांचं, पाण्याच्या मधेमधे. मी ते तिच्या तोंडून शेवटचं कधी ऐकलं होतं ते आठवेना. मिस्त्री म्हणाले, "ताई, आता आपलं काई काम नाई इथं," आणि अंगणात जाऊन तंबाखू मळायला लागले. मी मात्र तिथून हलले नाही.

बऱ्याच वेळाने कडी निघाली. आधी भिंतीवर तिचे ओले हात दिसले, मग ती. धुतलेलं पातळ नीट नेसलेलं, केस मोकळे, कपाळ लाल झालेलं. तिने तळहाताने भिंत थोपटली, बैलाची पाठ थोपटावी तशी.

"पानी जरा जास्तच गरम झालं होतं," ती म्हणाली.

"मंग थंड का नाई घातलं त्याच्यात?"

"काहून घालू? म्या घेतलं होतं माह्या हातानं." मग खाटेवर बसून तिने माझ्याकडे पाहिलं, सरळ, डोळ्यांत. "तू जाय आता वाशीमले. उद्या तुही शाळा हाय ना? अन् जाता जाता मले तांब्याभर पानी दे. तहान लागली."